नाशिक ते पुणे विमानाने किती वेळ लागतो? फोनवरचं अंतर, तिकिटावरची वेळ आणि खरा प्रवास

टोकावडे : आपल्या भागात रात्री अंगणात बाट टाकून पडलं की डोक्यावरून एकामागून एक विमानं जाताना दिसतात. त्यात बसणारी माणसंही आता मुरबाड-शहापूरच्या गावागावांत आहेत. कुणाचा मुलगा हैदराबादला कंपनीत आहे, कुणी आखातात कामाला आहे, कुणी आई-वडिलांना विमानाने तिरुपतीला पाठवतं. तिकीट फोनवरच काढलं जातं. तिथेच पहिला गोंधळ होतो. फोन सांगतो अंतर १७० किलोमीटर, रस्त्याच्या पाटीवर २१०. विमानाचा वेग तासाला ५०० किलोमीटर, मग वीस मिनिटांत पोचायला हवं, पण तिकिटावर पाऊण तासाच्या वर वेळ छापलेली. खरं काय?

हे समजून घ्यायला आपण जवळची दोन विमानतळं घेऊ : नाशिकचं ओझर आणि पुण्याचं लोहगाव. एक आपल्या उत्तरेला, दुसरं दक्षिणेला, आणि मध्ये आपल्या ओळखीचे डोंगर.

सरळ रेषेतलं अंतर कसं काढायचं

रस्त्याचं अंतर म्हणजे गाडीचं चाक जेवढं फिरतं तेवढं. हवाई अंतर म्हणजे दोन ठिकाणांमध्ये ताणलेली दोरी. आपल्याकडच्या माणसाला हा फरक वेगळा शिकवायला नको. टोकावड्याहून जुन्नर सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटर. पण माळशेज चढून, ओतूरला वळून गाडीने गेलात तर साठच्या पुढे आकडा जातो. जुन्या काळी व्यापारी वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून थेट जुन्नरला उतरायचे, ती वाट त्या दोरीच्या जवळची होती. माणूस आणि बैल चढू शकले, ट्रक चढू शकत नाही, म्हणून रस्ता वळसा घेतो. विमानाला हा वळसा नाही, निदान कागदावर तरी नाही.

आता फोन घ्या. नकाशा उघडून ओझर विमानतळावर बोट दाबून धरा. लाल खूण येते आणि दोन आकडे दिसतात, साधारण २०.१२ आणि ७३.९१. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. तसंच लोहगाववर करा, १८.५८ आणि ७३.९२ येतील.

दुसरा आकडा दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. म्हणजे पुणे विमानतळ ओझरच्या बरोबर खाली, नाकासमोर दक्षिणेला आहे. त्यामुळे हिशोब शाळेतल्या पोराला जमेल इतका सोपा होतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. २०.१२ मधून १८.५८ वजा केले की १.५४ उरतात. १.५४ गुणिले १११ म्हणजे १७० किलोमीटर. झालं.

रेखांशाचा अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो. पृथ्वी गोल असल्याने ध्रुवाकडे या रेषा जवळ येत जातात. आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटर भरतो. दोन गावं तिरकी असतील तर दोन्ही आकड्यांचा हिशोब करावा लागतो, तो त्रास नको असेल तर त्याच नकाशात 'अंतर मोजा' असा पर्याय मिळतो. 'दिशानिर्देश' दाबलंत तर रस्त्याचं अंतर येईल. पुष्कळ लोक हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात.

वैमानिक किलोमीटर वापरतच नाहीत. त्यांचं माप सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा एक. १७० किलोमीटर म्हणजे त्यांच्या भाषेत ९२ मैल. काही संकेतस्थळांवर ९२, काहींवर १०६ आणि काहींवर १७० दिसतं. १०६ हे जमिनीवरच्या साध्या मैलांत मोजलेलं आहे. तिन्ही बरोबर आहेत, माप वेगळं.

रेषा कुठून जाते

ओझरवरून दक्षिणेला काढलेली ही रेषा अकोले तालुक्यावरून येते, जुन्नरच्या आसपास घाटमाथ्यावरून सरकते आणि मंचर, राजगुरुनगरच्या बाजूने लोहगावला उतरते. कळसूबाई या रेषेच्या पश्चिमेला साधारण वीस किलोमीटरवर राहतं, हरिश्चंद्रगड आणि माळशेज त्याहून जरा जवळ. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, राज्यात सर्वात जास्त. दोन्ही विमानतळं स्वतःच समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहेत. म्हणजे उड्डाण पठारावरून पठारावर आहे, पण बाजूला सह्याद्रीची भिंत उभी आहे, म्हणून विमानाला आधी पुरेशी उंची घ्यावीच लागते.

जाता जाता एक. याच पट्ट्यात नारायणगावजवळ खोडदला मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत. नाशिक-पुणे वेगवान रेल्वेचा मार्ग या दुर्बिणींमुळेच अडला आणि बदलायची वेळ आली. विमानाला ती अडचण नाही. तरीही नाशिक-पुणे विमानसेवा टिकली नाही. त्याचं कारण पुढे हिशोबातच सापडेल.

वीस मिनिटांचा प्रवास पन्नास मिनिटांचा का होतो

छोट्या मार्गांवर बहुधा पंख्याचं विमान असतं, एटीआर जातीचं, सत्तरेक सीटचं. ते वर गेल्यावर तासाला ५०० किलोमीटरच्या आसपास धावतं. १७० भागिले ५०० केलं तर वीस मिनिटं येतात. गणित बरोबर आहे, पण विमान त्या वेगाने धावतं किती वेळ?

आपली कल्याण-अहिल्यानगर एसटी आठवा. सरळगाव ते टोकावडे ती सुसाट येते. मोरोशी सोडून घाट लागला की दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते. तिचा 'ताशी साठ' हा वेग सपाटीचा आहे. विमानाचंही तेच.

ओझरहून उडालेलं एटीआर विमान समजा पंधरा हजार फुटांवर जाणार आहे. जमीनच दोन हजार फुटांवर, म्हणजे चढायचे तेरा हजार फूट. मिनिटाला हजार-अकराशे फूट धरले तर बारा मिनिटं चढण्यात जातात आणि तेवढ्यात ७०-७५ किलोमीटर अंतर कापलं जातं, तेही कमी वेगाने. आता उतरण. विमान दगडासारखं खाली येत नाही. वैमानिकांचा ढोबळ हिशोब असा, की दर हजार फूट उतरायला तीन सागरी मैल ठेवायचे. तेरा हजार फुटांना ३९ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. चढण ७५, उतरण ७२, बेरीज १४७. एकूण अंतर १७०. तर पूर्ण वेगाने सपाट उडायला शिल्लक राहिले जेमतेम २३ किलोमीटर, तीन मिनिटांचा खेळ. घाट चढला आणि लगेच उतार लागला, अशी गत.

इथे जेट विमान लावलं तर? ते तासाला आठशेच्या वर धावतं खरं, पण तेवढा वेग मिळण्याच्या उंचीपर्यंत ते या अंतरात पोचतच नाही. म्हणून छोट्या मार्गावर मोठ्या विमानाचा फायदा काही मिनिटांचा, आणि इंधन मात्र जास्त.

आणखी एक गोष्ट, ही फार कमी लोकांच्या लक्षात येते. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. लोहगावचीही जवळपास पूर्व-पश्चिमच. आणि प्रवास उत्तर-दक्षिण! विमान उडतं पूर्वेला किंवा पश्चिमेला, वाऱ्याच्या समोर तोंड करून. मग वळसा घालून दक्षिणेला लागतं. पुण्याजवळ आल्यावर पुन्हा वळून धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं, आणि हे वळण अंगणातल्या स्कूटरसारखं घेता येत नाही, त्याला काही मैल लागतात. या दोन वळणांत पाच-सात मिनिटं सहज जातात. बाकी ठिकाणी जिथे धावपट्टी प्रवासाच्या दिशेलाच असते, तिथे हा वेळ वाचतो.

त्यात ही दोन्ही विमानतळं निव्वळ प्रवाशांची नाहीत. ओझर हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं. १९६४ पासून तिथे कारखाना आहे, मिग तिथेच बनले, सुखोई तिथेच जोडली जातात, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्याच तेजस विमानाने पहिली झेप घेतली. लोहगाव हा हवाई दलाचा तळ. लढाऊ विमानांचा सराव सुरू असेल तर प्रवासी विमानाला थांबावं लागतं, आकाशातही ठरावीक वाटेनेच जावं लागतं. आकाश मोकळं दिसतं, पण तिथेही रस्ते, चौक आणि सिग्नल आहेत.

सगळं जोडलं तर हवेत ३० ते ३५ मिनिटं होतात. पण तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच. ती मोजतात जागेवरून विमान हललं तिथपासून, पलीकडे जागेवर जाऊन थांबलं तिथपर्यंत. धावपट्टीपर्यंत जायला पाच-दहा मिनिटं, उतरल्यावर परत पाच-दहा. म्हणून पाऊण तास ते पन्नास मिनिटं. कंपन्या थोडी वेळ हाताशी जास्तही धरतात, म्हणजे थोडा उशीर झाला तरी 'वेळेवर पोचलो' म्हणता येतं.

अंतर वाढलं की हा वरखर्च पातळ होत जातो. पुणे-नागपूर सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर, रस्त्याने सातशेच्या वर. जेट विमानाची तिकिटावरची वेळ दीड तासाच्या आत असते. अंतर साडेतीन पट, वेळ दुपटीच्या आत. मुंबई-दिल्ली साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास, वेळ सव्वादोन तासांच्या जवळ.

जाताना वेगळा वेळ, येताना वेगळा

मुंबई-कोलकात्याचं तिकीट बघितलं तर जायची आणि यायची वेळ सारखी नसते. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. त्या वाऱ्याबरोबर जाणारं विमान लवकर पोचतं, विरुद्ध येणारं रखडतं. नदीत होडी चालवण्यासारखंच आहे. नाशिक-पुणे मात्र उत्तर-दक्षिण आणि कमी उंचीचं उड्डाण, त्यामुळे तिथे हा फरक किरकोळ.

आखातात जाणाऱ्यांनी वेगळी गोष्ट लक्षात ठेवायची. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ तिथल्या घड्याळाची असते. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० ला निघून ११.४५ ला दुबई, असं दिसलं म्हणजे पावणेदोन तासांत पोचलो असं नाही. खरे लागले सव्वातीन तास. परतीला उलटं होतं, तेव्हा प्रवास पावणेपाच तासांचा वाटतो.

दारापासून दारापर्यंत

आता खरा प्रश्न. नाशिकच्या मध्यवस्तीतून पुण्याच्या शिवाजीनगरला जायचंय. रस्त्याने २१० किलोमीटर, वाहतूक बघून साडेचार-पाच तास. विमानाने बघा : शहरातून ओझरला ४० मिनिटं, विमानतळावर सव्वा तास आधी, विमानाची ५० मिनिटं, सामान येईपर्यंत २० मिनिटं, लोहगावहून शिवाजीनगर पाऊण तास. बेरीज ३ तास ५० मिनिटं. एवढा खटाटोप करून वाचला तास. त्यात विमानाला उशीर झाला की तोही गेला. आणि एसटी दिवसभर मिळते, विमान दिवसातून एखादं.

केंद्र सरकारची 'उडान' योजना छोटी शहरं जोडण्यासाठी २०१६ मध्ये आली, पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला उडालं. तासाभराच्या उड्डाणाला ठरावीक सीटसाठी २५०० रुपये भाडं आणि कंपनीचा तोटा भरून काढायला तीन वर्षं मदत, असा तिचा गाभा. महाराष्ट्रात डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने १९ सीटची छोटी विमानं घेऊन मुंबई, जळगाव, नाशिक, पुणे हे मार्ग सुरू केले. सेवा वारंवार खंडित झाली आणि एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, कंपनीने काम थांबवलं. टाळेबंदी हे निमित्त झालं. वरच्या हिशोबात तास वाचत असेल तर लोक किती दिवस जास्त पैसे मोजतील? आमच्या मते दोनशे किलोमीटरच्या आतल्या मार्गांसाठी विमानापेक्षा चांगला रस्ता आणि रेल्वे मागितलेली बरी. कोल्हापूर-नागपूर, पुणे-नागपूर असे लांबचे मार्ग वेगळे. तिथे रात्रभराचा प्रवास दोन-तीन तासांवर येतो, आणि आजारी माणूस किंवा नोकरीची मुलाखत असेल तेव्हा त्याची किंमत कळते.

टोकावड्याच्या माणसाने कुठून उडावं

गंमत अशी की टोकावड्याहून ओझर आणि लोहगाव दोन्ही रस्त्याने ढोबळ दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. सरळगाव, किन्हवली, शहापूर करत कसारा घाटाने नाशिक, किंवा माळशेज चढून आळेफाट्यावरून पुणे. म्हणजे इथल्या माणसाला नाशिक-पुणे विमानाचा उपयोग शून्य. शिर्डीचं काकडी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ पासून सुरू आहे, तेही माळशेजपलीकडे तितकंच लांब. पावसाळ्यात माळशेजला दरड आली की हा हिशोब आणखी बिघडतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याचं किंवा शिर्डीचं विमान पकडायचं असेल तर घाटाच्या भरवशावर दोन तासांची कसर ठेवू नका, जास्त ठेवा.

आपल्याला जवळची दोन : मुंबईचं अंधेरीजवळचं जुनं आणि उलव्याजवळचं नवी मुंबई. दोन्ही कल्याणमार्गे नव्वद-शंभर किलोमीटर. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडतात. नव्याला शिळफाट्याची कोंडी, जुन्याला ठाण्यापासून पुढची. त्यामुळे किलोमीटरवर जाऊ नका, निघायच्या दिवशी त्याच वेळेला आदल्या आठवड्यात नकाशावर किती तास दाखवतो ते बघून ठेवा.

इथेच आता नवा घोटाळा होऊ शकतो. फोनवर 'मुंबई' टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येतात. स्वस्त दिसलं म्हणून बोट दाबलं आणि गाडी दुसऱ्याच विमानतळावर गेली, तर मुंबईच्या वाहतुकीतून तिकडे वेळेत पोचणं अवघड, आणि तिकिटाचे पैसे बुडतात. तीन अक्षरी खूण बघा. बीओएम म्हणजे जुनं मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. पुण्याची पीएनक्यू, नाशिकची आयएसके. जायचं एकीकडून आणि यायचं दुसरीकडे असंही तिकीट निघू शकतं, तेव्हा परतीचीही खूण तपासा. घ्यायला येणारी गाडी चुकीच्या ठिकाणी उभी राहायला नको.

वेळ उलटी मोजायची. समजा विमान सकाळी ११ चं आहे. देशातल्या उड्डाणाला सामान जमा करायची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, म्हणजे १० ला. विमानात चढायचं दार २०-२५ मिनिटं आधी बंद होतं. ११ ही वेळ विमान हलण्याची, पोचण्याची नाही. एसटीसारखा हात दाखवून थांबवता येत नाही. म्हणून ९ ला विमानतळावर, त्याआधी अडीच-तीन तास रस्त्याचे. टोकावड्याहून सकाळी ६ च्या आत निघावं लागतं. पहाटे ६ चं विमान असेल तर रात्री एकलाच निघा किंवा कल्याणला पाहुण्यांकडे मुक्काम करा. पहाटे तिकीट स्वस्त असतं, पण रात्रीच्या गाडीचं भाडं त्यात धरायचं लोक विसरतात.

आखाताच्या प्रवासाला खिडकी आणि इमिग्रेशन धरून तीन तास आधी पोचा.

सामानाचं : देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो जमा करायला आणि ७ किलो हातात देतात. तांदळाची गोणी, लोणच्याची बरणी घरीच तोलून बघा. लोणचं तेलाचं असेल तर हातातल्या पिशवीत अडवतात, नीट बांधून जमा सामानात टाका. आणि तिकिटावरचं नाव आधार कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, टाका. घरी सगळे 'बाळू' म्हणत असले तरी दारावरचा जवान कार्डावरचंच नाव वाचतो.